तुम्ही विचारलंत म्हणून: लहान बिल्डरनं पर्यावरणाचं आणि वस्तीचं काय करावं?

हा प्रश्न मला नव्यानं धंद्यात पडलेली मुलं विचारतात, घर बांधायला निघालेली जोडपी विचारतात, कधीकधी कर्जाची फाइल बघणारा माणूसही विचारतो. "मोठ्या कंपन्यांचं ठीक आहे हो, त्यांच्याकडे सल्लागार असतात, प्रमाणपत्रं असतात. तुमच्यासारख्या लहान बिल्डरनं पर्यावरण, समाज वगैरे करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा छतावरची सोलर पॅनेलं असतात, नाहीतर वस्तीला बांधून दिलेलं एखादं सभागृह. दोन्हींना माझा विरोध नाही, पण दोन्ही काम संपल्यावर वरून चिकटवता येतात. लहान बिल्डरची गोष्ट वेगळी आहे, कारण तो कुठे जात नाही. ताबा दिल्यावर मोठी कंपनी दुसऱ्या शहरात प्रकल्प सुरू करते. आम्ही त्याच रस्त्यानं रोज जातो-येतो. पंधरा वर्षांनी स्लॅब गळला तर फोन मलाच येणार आहे. म्हणून माझं उत्तर एवढंच असतं, की घराचा हिशेब ताब्याच्या दिवशी बंद करू नका, तो तिथून पुढे मांडा. पर्यावरणही त्यात येतं आणि शेजारीपाजारीही येतात.

सिमेंटपासून सुरू करते. जगभरात माणूस हवेत सोडतो त्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के सिमेंटच्या वाट्याचा असतो. त्यातला निम्म्याहून जास्त भट्टीच्या इंधनाचा नसतोच, तो चुनखडीतून सुटतो. चुनखडी भाजून क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं ते खडे, करायचा म्हटलं की तिच्यातला वायू बाहेर पडणारच, मग भट्टी कशावरही चालवा. आमच्या हातात उरतात दोन गोष्टी: क्लिंकर कमी असलेलं सिमेंट वापरायचं, आणि ओतलेलं काँक्रीट टिकवायचं. फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट चांगलं असतं, फक्त ते सावकाश ताकद धरतं. शटरिंग, म्हणजे काँक्रीटला धरून ठेवणारा प्लायचा साचा, काढायची घाई चालत नाही, आणि पाणी मारणं आठवड्यात आटोपत नाही, दहा ते चौदा दिवस नेटानं चालू ठेवावं लागतं. एवढी सवड नसेल तर पिशवीवरच्या हिरव्या पानाचा काही उपयोग नाही.

टिकवण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तो सगळा मामला कव्हर ब्लॉकचा आहे. स्लॅबच्या सळईखाली २० ते २५ मिलिमीटर उंचीचा ठोकळा ठेवतात, सळई काँक्रीटच्या पोटात राहावी म्हणून. स्लॅब भरताना माणसं घमेली घेऊन सळयांवरून चालतात, ठोकळे सरकतात, निसटतात, आणि सळई थेट प्लायवर टेकते. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. खालून गिलावा झाला की पुरावाही गेला. पुढे दमट हवा आत पोचते आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन छताचे पोपडे पडायला लागतात. म्हणून स्लॅबच्या दिवशी मी दुसरं काम घेत नाही. सळयांखाली हात घालून ठोकळे चाचपत फिरते. मिक्सरपाशी "माल घट्ट आहे, थोडं पाणी सोडा" असं कुणीतरी म्हणतंच. तो जादा डबा कमी करतो ती स्लॅबची वर्षं असतात. साठ वर्षं उभं राहायचं घर पंचविसाव्या वर्षी पाडावं लागलं, तर त्याच्या छतावर किती पॅनेलं होती हे विचारून काय करायचं?

उन्हाचा विचार करायला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा तो कुणी विकत नाही. विषुववृत्ताच्या उत्तरेला, कर्कवृत्ताच्या आसपास, उन्हाळ्यातला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं आणि छज्ज्याखालून सरळ घरात घुसतं. त्या बाजूला जिना, बाथरूम, सामानाची खोली घ्यावी आणि खिडक्या लहान ठेवाव्यात. "मावळतीचं दृश्य छान दिसतं" म्हणून पश्चिमेला भिंतभर काच मागणारे असतात. मी त्यांना बाहेरून झडपा लावायला सांगते. आतल्या पडद्याचा फारसा उपयोग नाही, ऊन पडद्यापर्यंत येईस्तोवर उष्णता घरात आलेली असते.

साहित्याबद्दल बोलताना केरळात स्वस्त घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांचं नाव निघतंच. त्यांनी रॅट-ट्रॅप बॉन्ड या वीटरचनेचा भरपूर वापर केला. यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात, मध्ये पोकळी राहते, आणि नेहमीच्या नऊ इंची भिंतीच्या मानानं सुमारे २५ टक्के विटा वाचतात. पोकळीमुळे भिंत कमी तापते, हा वरचा फायदा. अडचण गवंड्याची आहे. हात बसलेला नसेल तर काम संथ होतं आणि ठेकेदार दुसऱ्याच दिवशी कुरकुर करतो. बेकर गांधीजींचं एक म्हणणं सांगत असत, की आदर्श घराचं सगळं साहित्य पाच मैलांच्या आतलं असावं. दिशा म्हणून मला हे पटतं, नियम म्हणून नाही. पाच मैलांच्या आतल्या नदीतून बेसुमार वाळू उपसली तर त्याच काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, आणि जवळच्या भट्टीतली वीट शेताची वरची माती खाऊन तयार झालेली असू शकते. सगळ्यात जवळचं साहित्य म्हणजे प्लॉटवर आधीपासून उभं असलेलं जुनं घर. त्याच्या चौकटी, तुळया, दगड, चुन्यातल्या विटा सावकाश उतरवल्या तर पुन्हा वापरता येतात. सिमेंटच्या मसाल्यातली वीट सुटी होताना फुटते, चुन्यातली सहसा अखंड निघते. पण उतरवायला दिवस लागतात आणि जेसीबी दुपारपर्यंत काम संपवतो.

वस्तीच्या भल्याचा विषय निघाला की मी लोकांना जोत्याकडे बघायला सांगते. गल्लीत नवं घर येतं ते शेजारच्यापेक्षा फूटभर उंच जोतं घेऊन. मग रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, तोही चार बोटं वर येतो. पुढचं घर त्याहून उंच. या चढाओढीत जुनी, बसकी घरं खड्ड्यात जातात आणि मोठ्या पावसात पाणी त्यांच्या उंबऱ्याच्या आत. १०० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १००० लिटर पाणी होतं. आधी तिथं माती होती, तिनं त्यातलं बरंचसं मुरवलं असतं. आपण स्लॅब घातला, अंगणभर पेव्हर ब्लॉक लावले आणि पाइपाचं तोंड रस्त्याकडे केलं. वर फलकावर 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं लिहिलं.

यावर उपाय फार अवघड नाही. छताचं पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात न्यायचं, पहिल्या पावसाचं मळकं पाणी बाजूला काढायची सोय ठेवायची, मोकळ्या जागेतली निम्मी तरी माती उघडी सोडायची. शोषखड्डा सगळीकडे चालत नाही. चिकण काळ्या मातीत तो नुसता भरून राहतो आणि पायाशी ओल धरतो, तिथं टाकीच हवी. जिथं शंका असेल तिथं मी एक खड्डा खणून, पाण्यानं भरून, ते किती वेळात उतरतं ते बघायला लावते.

हे सगळं ठरवण्याआधी शेजाऱ्यांकडे जाऊन बसावं. पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, कुठली जुनी विहीर बुजवून त्यावर भर टाकली, हे कुठल्याच नकाशात नसतं. समोरच्या घरातल्या आजींना ते माहीत असतं. बुजवलेल्या विहिरीवर पाया आला तर घर एका बाजूनं बसतं. शेजाऱ्यांशी बोलण्याला लोक समाजकार्य म्हणतात, मला तो जमिनीच्या तपासणीचाच भाग वाटतो. त्याच भेटीत खडी-वाळूचे ट्रक किती वाजता येतील, रस्त्यावर राडारोडा किती दिवस राहील, तेही सांगून टाकावं.

कामगारांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात वादाला जागाच नाही. साइटवर प्यायचं पाणी, बायकांसाठी कडी लागणारा संडास, उंचीवर काम करणाऱ्याला पट्टा आणि आठवड्याची मजुरी आठवड्याला. वस्तीतल्या दोन पोरांना गवंड्याच्या हाताखाली लावलं तर त्या वस्तीला दुरुस्ती करणारी माणसं मिळतात. हे एका सभागृहाहून जास्त दिवस पुरतं.

घर पुढे वाढणार हे धरून बांधणं, हाही याच हिशेबातला भाग. चिलीतल्या इकिके शहरात २००४च्या सुमारास वास्तुविशारद आलेहांद्रो अरावेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण शंभर कुटुंबांसाठी अर्धी घरं बांधली. संडास-बाथरूम, स्वयंपाकघर, जिना, मुख्य भिंती असा कठीण अर्धा भाग त्यांनी केला आणि उरलेली जागा कुटुंबांनी जमेल तशी भरून घेतली. लोकांना त्यामुळे शहरातली आपली जागा सोडून लांब जावं लागलं नाही. अरावेना यांना २०१६मध्ये वास्तुकलेतलं मानाचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. या घरांवर टीका करणारेही आहेत. सरकारनं पूर्ण घर द्यावं, अर्ध्याचं कौतुक कसलं, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण कमी पैशात सुरुवात करणारं कुटुंब माझ्याकडे आलं तर मीही पाया दोन मजल्यांचा घ्यायला सांगते आणि जिन्याची जागा आधी पक्की करते. वरच्या मजल्यासाठी काढून ठेवलेल्या सळया मात्र तशाच उघड्या सोडू नयेत. सिमेंटचं घट्ट पाणी लावून त्यावर कच्च्या, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटचं आवरण करून ठेवावं, नाहीतर मजला चढवायची वेळ येते तेव्हा त्या निम्म्या खाल्लेल्या असतात.

"याचे पैसे कोण देतं?" हा पुढचा प्रश्न असतोच. जादा पैसे ग्राहक क्वचितच देतो. पण कव्हर ब्लॉक, दिशा, शेजाऱ्यांची भेट, वेळेवर मजुरी यांना जादा पैसे फारसे लागत नाहीत, हजर राहावं लागतं. टाकीला लागतात; तिथं मी टाइल्सचा दर्जा एक पायरी खाली घ्यायला सुचवते, आणि निम्मे लोक नाही म्हणतात.

नव्या मुलांना मी चालू कामापासूनच एक गोष्ट सुरू करायला सांगते. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, फोटो काढा. नळ कुठून गेलाय, वायर कुठून वळलीय, जमिनीपासून किती उंचीवर, सगळं दिसलं पाहिजे. मग ड्रेनेजच्या चेंबरची जागा, टाकी धुण्याची वेळ, छताचं वॉटरप्रूफिंग कधी केलं, हे कागदावर लिहून चाव्यांबरोबर द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. पुढं कधी ओल आली तर अख्खी भिंत फोडायची गरज पडत नाही, फोटो बघून प्लंबर दोन टाइल्स काढतो.