पाचव्या आकड्यात अडकलेले चार दिवस

नांदेडला पीएचडी करायलोय, पाण्याच्या रेणूंचं सिम्युलेशन. मागच्या मे महिन्यात लॅबचा फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड पायथनमध्ये आणायचं काम माझ्याकडं आलं. इनपुट तेच, पोझिशन्स त्याच, तरी इलेक्ट्रोस्टॅटिक एनर्जी (चार्जच्या ओढाताणीची ऊर्जा) पाचव्या आकड्यात वेगळी यायली. कटऑफ (किती अंतरापर्यंत हिशोब धरायचा ते) बघितला, ग्रिड बघितला, चार्ज एकेक करून जुळवले, काहीच हाती लागंना. चौथ्या दिवशी लाईट गेली तेव्हा वहीवर नुसत्या दोन चार्जचा हिशोब मांडला, मग अंतर बदलून परत दोन्ही कोड चालवले, तर दोन उत्तरांचा भागाकार दरवेळी तोच! म्हणजे फॉर्म्युला बरोबर होता, गुणक वेगळा होता.

चार्ज आणि अंतरावरून एनर्जी काढताना ज्या स्थिरांकानं गुणतात, तो फोरट्रानमध्ये ३३२.०५२२ होता आणि मी ३३२.०६३७ टाकला होता. अँबर या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्ज १८.२२२३ नं गुणलेले असतात, त्याचाच वर्ग तो ३३२.०५२२. चार्म या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३३२.०७१६ वापरतात. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग सगळा कोड चाळला. बोल्ट्झमन स्थिरांक (तापमान आणि ऊर्जा जोडणारा आकडा) तीन फाईलींत तीन प्रकारे, एकीकडं तर नुसता १.३८, त्यानं ३०० केल्विनला ०.१४ केल्विनचा फरक पडतो. आणि सगळ्यात लपलेली चूक म्हणजे वायू स्थिरांक ८.३१४४६२६१८ च्या मागं डी० (फोरट्रानमधली डबल प्रिसिजनची, म्हणजे जास्त अंकांची खूण) नव्हतं, त्यामुळं व्हेरिएबल डबल असूनही आकडा सिंगल प्रिसिजनचाच, म्हणजे कमी अंकांचाच राहायचा, सातव्या-आठव्या अंकापुढं सगळा कचरा.

आता एकच फाईल केलीय. वर कोडाटा २०१८ (स्थिरांकांच्या अधिकृत किमतींची यादी) लिहिलंय, नावातच युनिट असतं, आणि मोजके मूळ आकडे सोडले तर बाकी सगळे त्यातूनच काढतो, हातानं टाईप करत नाही. २० मे २०१९ पासून बोल्ट्झमन, ॲव्होगॅड्रो, इलेक्ट्रॉनचा चार्ज पक्के ठरवलेत हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण आधी पक्का असलेला एप्सिलॉन झिरो (पोकळीचा विद्युत स्थिरांक) आता मोजावा लागतो हे आमच्या लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

सीनियर दादा म्हणला, "अरे नवा आकडा बरोबर आहे ना, मग जुना काढून टाक की." मी म्हणलं दादा नको, अँबरशी ताळा करायचा तर त्यांचाच आकडा लागतो, नाहीतर परत तेच चार दिवस जातील. म्हणून जुना सेट वेगळ्या नावानं ठेवलाय, आणि प्रत्येक रनच्या लॉगमध्ये पहिल्याच ओळीत कुठला सेट वापरला ते छापून येतं.