दस्त्याचे माप

मिस्त्री गेल्याचा निरोप आला तेव्हा माझी बंदूक त्यांच्याच दुकानात होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो निरोप ऐकल्यावर मनात आलेला दुसरा विचार तिचाच होता. मला त्याची लाज वाटली. स्मशानातून परतताना मात्र लक्षात आले की पुढेमागे चालणाऱ्यांपैकी आणखी सहा-सात जणांची तीच अवस्था होती. कोणी उघड बोलत नव्हते, पण "तुम्ही कधी दिली होती?" असे एकाने हळूच विचारले आणि मग प्रत्येकाने आपापली तारीख सांगितली. कोणाची एकनळी मृगाआधी गेली होती, कोणाच्या दुनळीचा डावा घोडा पडत नव्हता, आणि एका निवृत्त सुभेदारांनी तर केवळ तेलपाण्यासाठी दिली होती, कारण वर्षातून एकदा मिस्त्रींशी बोलण्याचे त्यांचे ते निमित्त होते.

सावंतवाडीच्या आसपासच्या आमच्या गावांत बंदूक ही मिरवण्याची वस्तू नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या गोष्टी म्हाताऱ्यांच्या तोंडी उरल्या आणि घरात राहिली ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक. काजूच्या बागेत वानरांची टोळी उतरली किंवा भाताच्या खाचरात डुकरे शिरली की हवेत एक बार काढायचा, एवढेच तिचे वर्षभराचे काम. एरवी ती कुलपात असते, दसऱ्याला कोयता, पारई आणि फवारणीच्या पंपाच्या शेजारी झेंडूची माळ घालून पाटावर बसते, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा होते. २०२४ साली ती दोनदा जमा झाली. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला, म्हणजे काजूचा आणि हापूसचा जवळजवळ सगळा हंगाम त्यात गेला. त्या अडीच महिन्यांत मतदारांपेक्षा वानरांनाच अधिक स्वातंत्र्य होते. ठाण्यातून सुटलेल्या बंदुका घरी येण्याआधी मिस्त्रींकडे जात. दुकान म्हणजे रस्त्याकडेला एक कौलारू खोली, भिंतीवर काचेत लावलेला परवाना आणि दारात एक बाकडे. सुतार, गवंडी, गाडी दुरुस्त करणारा, सगळेच आमच्याकडे मिस्त्री. पण नुसते 'मिस्त्री' म्हटले की ते हेच.

गंज हा बंदुकीचा शत्रू, आणि कोकणातला पावसाळा म्हणजे गंजाचे माहेर. मिस्त्रींनी मात्र या शत्रूलाच कामाला लावले होते. नळीला काळा-निळा रंग चढवायची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात रंग मुळी नसतोच. असतो तो गंजच. नळी घासून, तेलाचा अंशही न ठेवता स्वच्छ करायची, तिला आम्लाचा पातळ हात द्यायचा आणि दमट जागी रात्रभर ठेवायची. सकाळी तिच्यावर तांबडा गंज एकसारखा फुललेला असतो. मग ती नळी उकळत्या पाण्यात ठेवली की तो तांबडा गंज काळा पडतो, आणि तारेच्या मऊ ब्रशने वरची भुकटी काढली की खाली एक पातळ, घट्ट, काळसर थर उरतो, जो पुढच्या तांबड्या गंजाला सहजासहजी जागा देत नाही. एका हाताने भागत नाही. हेच आठ-दहा वेळा करावे लागते. इतरत्र कारागीर त्यासाठी ओलाव्याची खास पेटी करतात. मिस्त्री आषाढात दुकानाची मागची खिडकी उघडी ठेवत. त्यांच्या हातची नळी उन्हात धरली तर जांभळाच्या सालीसारखी दिसे, काळी म्हणता म्हणता निळी.

त्यांची तपासणी पाहणे हा बाकड्यावर बसणाऱ्यांचा विरंगुळा होता. दुनळी हातात आली की आधी नळ्या दस्त्यापासून, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागापासून सोडवत, त्या एका बोटाला टांगत आणि दुसऱ्या हाताच्या पेराने हलकेच टिचकी मारत. देवळातल्या लहान घंटेसारखा नाद निघाला तर दोन नळ्यांमधली पट्टी डाखाने पक्की आहे असे समजायचे. भांडे चिरल्यासारखा आला तर डाख कुठेतरी सुटला आहे. मग नळी खिडकीकडे धरून आत पाहायचे. उजेडाची गोल कडी एकात एक दिसत जातात, आणि कुठे पोचा असेल तर तेवढ्याच जागी कडे चेपल्यासारखे दिसते. नळी आणि तिची बैठक यांचा मेळ बघायला त्यांच्याकडे रॉकेलची एक चिमणी होती. तिची काजळी धातूवर धरायची, भाग बसवायचा, पुन्हा काढायचा. जिथे काजळी पुसली गेली तिथेच धातू टेकतो आहे, बाकीच्या ठिकाणी नुसता शेजार आहे. मग कानस दोनदा फिरायची, पुन्हा काजळी. इंग्लंडमधल्या नामांकित बंदूककारांकडेही हीच रीत आहे असे मी पुढे वाचले आणि मोठ्या उत्साहाने मिस्त्रींना सांगितले, तेव्हा त्यांनी "त्यांका रॉकेल गावता?" एवढेच विचारले होते. रेशनवरचे रॉकेल बंद झाल्याचे त्यांना खरेच दुःख होते.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल एवढे हळवे काय व्हायचे, असे आमच्या एका पुण्याच्या नातेवाइकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. मला एवढेच सांगता येईल की मिस्त्रींचे निम्म्याहून अधिक कष्ट बंदूक नको तेव्हा उडू नये यासाठी होते. घोडा जिथे अडतो ती आतली खाच झिजली की बंदूक नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते, आणि ती खाच नखाच्या कडेएवढी असते. ती तासून पुन्हा धारेवर आणायला त्यांना दोन दिवस लागत आणि ते पैसे घेत एका सायकलच्या टायरइतके. त्यांच्या हाताने टळलेले अपघात किती, हे मोजायची काही सोय नाही, कारण जे घडले नाही त्याचा पंचनामा होत नाही.

एकदा शेजारच्या गावातले एक खोत आजोबांची बेल्जियन दुनळी घेऊन आले. नळ्यांवर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी होती. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून आणि ठोकून एकजीव केलेल्या या नळ्या दिसायला फार देखण्या असतात. पण त्या जुन्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या, आणि आजच्या काडतुसांचा दाब त्यांना झेपेलच याची खात्री नाही. मिस्त्रींनी नळ्या उलट्या करून खालचा अंडाकृतीतला ई. एल. जी. हा बेल्जियममधल्या लीज शहराचा शिक्का दाखवला, जोडावरची रेघ दाखवली, आणि म्हणाले, "हिच्या म्होरे रवललो वानर वाचतलो, मागे रवललो माणूस जातलो." खोत दोन वर्षे त्यांच्याशी बोलले नाहीत. ती दुनळी आता त्यांच्या दिवाणखान्यात आहे, आणि दहाव्याच्या दिवशी नदीवर सर्वांत आधी येऊन उभे राहिले तेही तेच.

स्वतः मिस्त्रींच्या नावावर बंदूक नव्हती. त्यांना जंगलाची आवड नव्हती, नेमाची हौस नव्हती. त्यांना आवड होती ती माणसांच्या हातांची, असे मला आता वाटते. बंदुकीचा दस्ता अंगाला बसावा लागतो. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याची मागची बाजू त्या बेचक्यात टेकवली की तर्जनी चापावर सहज पोचली पाहिजे. हे ढोबळ माप झाले. पुढे गाल कुठे टेकतो, मान किती लांब आहे, छाती भरलेली आहे की सपाट, यावरून दस्त्याचा उतार आणि बाजूचा कल ठरतो. माप चुकले तर लांब दस्ता बगलेत अडकतो आणि आखूड दस्ता अंगठ्याने नाकावर ठोसा देतो. त्यामुळे आमच्या खोऱ्यातल्या घरांचे हात-खांदे मिस्त्रींना पाठ होते. बाजारात भेटले तरी त्यांची नजर आधी आपल्या कोपराकडे जाई.

आणि बंदूक माप बदलायला त्यांच्याकडे येई ती बहुधा घरातले कोणी गेल्यावर. वडील जातात, बंदूक ठाण्यात जमा होते, वारसाने अर्ज करायचा, चौकशी व्हायची, परवाना नव्या नावावर व्हायचा, आणि सगळे सोपस्कार संपून बंदूक घरी येते तेव्हा ती गेलेल्या माणसाच्या मापाची असते. मी माझ्या बाबांची एकनळी घेऊन गेलो तेव्हा वर्ष उलटून गेले होते आणि रडणे वगैरे सगळे झालेले होते. मिस्त्रींनी माझे कोपर वाकवले, दस्ता टेकवला, माझे बोट चापाच्या अलीकडेच हवेत राहिले. "बापाशीचो हात लांब होतो," ते म्हणाले, "तुझो आखूड." एवढ्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. त्यांनी दस्त्याच्या टोकाची पट्टी काढली. आत लाकडावर पेन्सिलीने बाबांचे माप होते, १४॥. करवतीने पाऊण इंचाची चकती निघाली, तिच्याबरोबर तो आकडाही गेला. मग त्यांनी नव्या टोकावर माझे माप, १३॥।, लिहिण्याआधी वर बाबांचे १४॥ पुन्हा लिहिले आणि पट्टी बसवून स्क्रू आवळले. ते का लिहिले, हे मी विचारले नाही. कापलेली चकती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. आईने ती स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल अजून डुगडुगत नाही.

आपले नाव त्यांनी कोणत्याही बंदुकीवर घातले नाही. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेवर, जी १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, ती घडवणाऱ्या महंमद रूमी या उस्तादाचे नाव कोरलेले आहे, हे मी त्यांना एकदा सांगितले होते. तोफेवर जागा भरपूर असते, असे त्यांचे उत्तर होते.

अशाच एका दुपारी मी त्यांना जॉन ब्राउनिंगची गोष्ट सांगितली. जगभरच्या बंदुकांची निम्मी घडण ज्याच्या डोक्यातून निघाली असे म्हणावे, असा हा अमेरिकन कारागीर २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्ये, लीजजवळच्या एर्स्टाल येथील कारखान्यात काम करत असतानाच हृदयविकाराने गेला. एकावर एक नळ्या असलेली त्याची शेवटची बंदूक तेव्हा पुरी व्हायची होती. मला वाटले होते की कामावर असताना आलेल्या मरणाबद्दल मिस्त्री काही बोलतील. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि विचारले, "मगे अर्धी रवलली बंदूक पुरी कोणी केल्यान?" मी म्हटले, झिलान. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना मुलगा नव्हता, एक मुलगी होती, आणि ती शाळेत असल्यापासून दस्त्याच्या पकडीवर बारीक चौकडी कोरायचे काम तीच करी. हाताला पकड यावी म्हणून कोरलेल्या त्या रेघा इतक्या सारख्या असत की यंत्राच्या वाटाव्यात. दुकानाच्या परवान्यावर तिचे नाव नव्हते, कोणी हटकले तर मिस्त्री म्हणत, "लाकडाक परवानो लागणा नाय." पुढे ती लग्न होऊन कुडाळला गेली, तरी दस्ते एसटीच्या पार्सलने तिच्याकडे जात आणि कोरून परत येत.

परवाना माणसाच्या नावाने असतो आणि माणसाबरोबर संपतो. मिस्त्री गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाचा पंचनामा झाला आणि आत असलेल्या अकरा बंदुका ठाण्यात गेल्या. दहाव्याला नदीवर आम्ही पाच-सहा परवानाधारकही पाणी द्यायला उभे होतो. सुभेदार होते, खोत होते, आणि एअर रायफलने जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरणारी नववीतली एक मुलगीही वडिलांबरोबर आली होती. स्वप्नील कुसळेला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळाल्यावर आमच्याकडेही काही मुलांनी हा नाद घेतला होता, आणि हिच्या रायफलला गालाखालची लाकडी उशी मिस्त्रींनी फणसाच्या फळीतून करून दिली होती.

ठाण्यात माझी पाळी आली तेव्हा हवालदारांनी परवाना पाहिला, क्रमांक जुळवला, नोंदवहीत सही घेतली. बंदुकीच्या चापाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. माझ्या एकनळीची मोठी कमान मोडली होती. चिमट्यासारखी दुमडलेली ही कमान मिस्त्री जीपच्या जुन्या कमानपाट्यातून कापून घडवत, लालबुंद तापवून तेलात बुडवत, मग वर तेल जाळून तिचा कडकपणा थोडा उतरवत. बुडवायचे तेलात, पण लोहारकामात त्याला म्हणायचे पाणी देणेच. पाणी जास्त झाले तर कमान काचेसारखी फुटते, कमी झाले तर वाकून राहते. चिठ्ठीवर त्यांचे तिरपे अक्षर होते: कमान नवीन. पाणी दिले. येणे ३५०.

मी ते पैसे घेऊन कुडाळला गेलो. मुलीने नको म्हटले नाही, याचे मला फार बरे वाटले. तिने आतून वडिलांची लांबट वही आणली, माझे नाव शोधले, रकमेपुढे 'मिळाले' असे लिहिले, आणि मग म्हणाली, "दादा, बंदूक गाडीत असेल तर पकड बघून देते. चौकडी झिजली असेल."