अंगठ्याचे काम

परळ, रविवार, रात्री.

आज मामांच्या खोलीत बसून इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचे पहिले दोन अल्बम पाठोपाठ ऐकले. १९६९ चा ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ मी कॉलेजपासून ऐकत आले आहे. १९७१ चा ‘ब्रायटर लेटर’ मात्र मी दूरच ठेवला होता, कारण एकट्या गिटारवर उभे राहू शकणारे गाणे खपावे म्हणून त्यात ड्रम आणि सॅक्सोफोन घातले, असा माझा पक्का समज होता.

पहिल्या अल्बममध्ये रॉबर्ट कर्बीने बांधलेली तंतुवाद्यांची साथ आहे, तरी बहुतेक गाण्यांत ताल सांभाळतो तो ड्रेकचा उजवा अंगठा. ती गाणी वाजवताना माझी बोटे सुरात रमली की अंगठा हमखास चुकतो, म्हणून मला त्या अंगठ्याचे फार अप्रूप. दुसऱ्या अल्बममध्ये हे काम बरेचसे फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडमधल्या डेव्ह पेगचा बास आणि डेव्ह मॅटॅक्सचे ड्रम उचलतात, आणि तेच मला खुपत असे.

मामांनी तीस वर्षे शाहिराच्या मागे तुणतुणे वाजवले. तर्जनीवरचा घट्टा अजून आहे. डोळे मिटून ऐकता ऐकता ते म्हणाले, “अगं, ढोलकीवाला भरवशाचा असला की मला ठेका धरून बसावं लागत नसे. मग शाहिराचे शब्द कानात शिरायचे. ह्या पोराचंही तसंच झालंय.”

त्यानंतर मी पुन्हा ऐकले, तेव्हा ड्रेकचा गळा खरोखरच सैल झालेला जाणवला. ओळीचा शेवटचा शब्द तो ठोक्याच्या जरा मागे रेंगाळू देतो, आणि ही मोकळीक पहिल्या अल्बममध्ये मला इतकी कधी जाणवली नव्हती. शब्दांविनाचे तीन तुकडे मला आजही पोकळ वाटतात. ‘पुअर बॉय’मध्ये मागच्या गायिका त्याच्या दुःखाला टोमणा मारतात, ते मला नेहमी भडक वाटे, मामा मात्र खुलले आणि म्हणाले, “ही तर झील धरली आहे!” झील म्हणजे शाहिराच्या मागे साथीदारांनी धरलेला सूर. ‘फ्लाय’मध्ये जॉन केलचा व्हायोला आहे, ड्रम नाहीत.

पुढचा, १९७२ चा ‘पिंक मून’, त्याने जवळजवळ निव्वळ गिटारवर केला. दुसरा अल्बम चुकला होता याचा तोच पुरावा, असे मी आजवर मानत होते.

जेवणानंतर मी गिटार काढली. मामांनी पाटावर बोटांनी ठेका धरला. अंगठा दोनदा चुकला, पण गाणे थांबले नाही.