माझा टीएसएच आणि वहिनीच्या गोळ्या

फोनवर आईने विचारलं, "उपाशीपोटी शुगर किती आली गं?" मी म्हटलं, "सात." तर ती ओरडलीच, "अगं बाई! साखरेचा खडा तरी टाक तोंडात आधी!" सांगलीत जी शुगर १२६ येते तीच इथे लेस्टरमध्ये ७ होते, कारण इथल्या लॅब मिलिमोलमध्ये मोजतात. १८ ने गुणलं की आपला आकडा. एचबीए१सीचं (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं) उलट. ॲपवर ४९ बघून मी स्वतःच दचकले होते. आपल्या हिशेबाने ते ६.६ टक्के. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन घेतेच आहे, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं.

खरा घोळ थायरॉइडचा. माझी ग्रंथी कमी काम करते, म्हणून बारा वर्षं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, घेतेय. पहाटे सहाला, नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियमची गोळी दुपारी, कारण दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. एवढं सोवळं पाळूनही गेल्या वर्षी टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की हा चढतो, जास्त झालं की उतरतो) आला ७.८. त्याआधी सदानकदा दोनच्या आसपास असायचा. सर्जरीतून (इथे डॉक्टरांच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात) मेसेज आला, "गोळ्या नियमित घेता ना?" अस्सा राग आला!

बदललं होतं एकच. पाळी जाताना घामाच्या लोटांनी रात्र रात्र जागून काढल्यावर मी एचआरटी, म्हणजे बाहेरून हार्मोन घेण्याचा उपचार, सुरू केली होती, इस्ट्रोजेन पोटातून आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. हा धागा जुळवला सर्जरीतल्या फार्मसिस्टताईंनी. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि तिथे थायरॉइड हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन वाढवतं. हार्मोन त्या प्रथिनाला चिकटून बसतं, शरीराच्या वापराला मोकळं उरतं ते कमी. ज्यांची ग्रंथी धड आहे त्यांची ती थोडी जास्त राबते आणि भरून काढते. माझी कुठली राबायला! म्हणून टीएसएच चढला. उपाय दोन: थायरॉइडचा डोस वाढवणं, किंवा इस्ट्रोजेन त्वचेवरून घेणं, म्हणजे यकृताची ती पहिली फेरी टळते. डॉक्टरांनी मला पॅच दिला. आता कमरेखाली चिकटवते, आठवड्यातून दोनदा बदलते. (अंघोळीत सुटतो कधीकधी, ते वेगळंच.)

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच ०.०८! फ्री टी४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन, मर्यादेच्या वर. म्हणजे थायरॉइड उतू चाललंय. पण ना धडधड, ना हात थरथर, ना वजनात फरक. वजन तर हलायलाच तयार नाही. डोस निम्मा करायचं घाटत होतं, तेवढ्यात त्याच ताईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आणखी काही घेता का? व्हिटॅमिन, पावडर, काहीही?" मी नाही म्हणणार होते. मग आठवलं, पुण्याहून वहिनीने केसांसाठी पाठवलेल्या गोळ्या. त्याला औषध कोण म्हणतं? मी बाटली कॅमेऱ्यापुढे धरली. बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व), १०,००० मायक्रोग्रॅम.

तर हे बायोटिन म्हणे थायरॉइडचं काहीच बिघडवत नाही, बिघडवतं ते तपासणीचं. बऱ्याच लॅबच्या चाचणीतच बायोटिनचा जोड वापरलेला असतो. रक्तात ते भरपूर असलं की यंत्र फसतं: टीएसएच खोटा कमी, टी४ खोटा जास्त. रिपोर्ट हुबेहूब थायरॉइड वाढल्यासारखा. डोस निम्मा झाला असता तर मी खरोखरच आजारी पडले असते.

बाटली बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त दिलं. टीएसएच २.४. डोस होता तोच राहिला. त्याच वेळी बी१२ही तपासून घेतलं, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते घसरू शकतं म्हणून. ते ठीक निघालं.

आता फ्रिजवर एक कागद लावलाय: तारीख, आकडा, कुठल्या मापात, आणि त्या दिवशी पोटात काय काय होतं. वहिनीला अजून काही बोलले नाहीये. दिवाळीच्या पार्सलमध्ये चकलीबरोबर दुसरी बाटली आलीच आहे. केस काय, बाटली असो नसो, तेवढेच गळताहेत.