जुलैच्या धुक्यात सायकलवरून सॅन फ्रान्सिस्को

निरभ्र आकाश हवे असणाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावे. आम्ही मात्र धुक्यासाठीच जुलै निवडला. या किनाऱ्याला खोल समुद्रातले थंड पाणी वर येत असल्यामुळे त्यावरून वाहणारी दमट हवा निवते आणि तिचे धुके होते. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचा आतला खोरेप्रदेश तापला, की हेच धुके गोल्डन गेट या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून शहरात ओढले जाते.

पहिल्या सकाळी पॅनहँडल या उद्यानाच्या पूर्वेकडील अरुंद हिरव्या पट्ट्यापासून निघून आम्ही गोल्डन गेट पार्कमधून समुद्राकडे गेलो. वाळूच्या टेकड्यांवर वसवलेले हे उद्यान सुमारे ५ किलोमीटर लांब आहे. त्यातील जॉन एफ. केनेडी ड्राइव्हचा पूर्वेकडील भाग मोटारींसाठी कायमचा बंद ठेवण्याच्या निर्णयावर २०२२ मध्ये मतदारांनी शिक्कामोर्तब केले. मोटारी नसल्यामुळे, सायप्रसच्या पानांवर साचलेल्या धुक्याचे थेंब खाली टपटपताना स्पष्ट ऐकू येत होते. मोकळा रस्ता कोरडा आणि झाडांखालचा मात्र ओला, हे दृश्य मी प्रथमच पाहिले. अशा ओल्या वळणांवर वेग आधीच कमी करावा. पुढे बायसन (अमेरिकी रानबैल) आणि पवनचक्क्या पाहून आम्ही सनसेट ड्यून्सला पोहोचलो. किनाऱ्यालगतचा मोठा रस्ता मोटारींना बंद करून २०२५ मध्ये हे उद्यान खुले झाले. येथे वाऱ्याने रस्त्यावर आलेल्या वाळूत चाक घसरते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, त्यामुळे सकाळी समुद्राकडे जाऊन दुपारी परतावे, म्हणजे वारा पाठीशी राहतो.

दुसरा दिवस गोल्डन गेट पुलाचा. सायकलींसाठी कोणती बाजू खुली आहे हे वार आणि वेळेनुसार बदलते, म्हणून तेथील फलक वाचूनच पुढे जावे. मनोऱ्यांचे शेंडे धुक्यात बुडाले होते आणि पुलावरचे भोंगे आळीपाळीने, वेगवेगळ्या स्वरांत वाजत होते. पुलापलीकडे कॉन्झेलमन रोडचा चढ दम काढतो. परंतु सुमारे २८० मीटर उंचीच्या हॉक हिलवर पोहोचताच आम्ही धुक्याच्या वर आलो आणि ज्या पांढऱ्या थरातून वाट काढत आलो होतो, तो खाली संथपणे खाडीत शिरताना दिसला. येथे किमान तासभर राखून ठेवावा, कारण थराची उंची सतत बदलते आणि मनोरे कधी उघडे पडतात, कधी नाहीसे होतात. टेकडीच्या पुढे रस्ता एकेरी होऊन समुद्राकडे फार तीव्र उतरतो. ब्रेकची खात्री नसेल तर आल्या वाटेनेच परत फिरावे. आम्हीही तेच केले.

विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि पुढेमागे लुकलुकणारे दिवे भर दुपारीही जवळ असावेत. परतताना पूल पुन्हा ओलांडण्याऐवजी पुलापलीकडच्या सॉसलिटो गावी उतरून फेरीबोटीने यावे. बोटीत सायकल नेता येते, मात्र शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी.