रकान्यातला भूतकाळ

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. दूरचे नाते असलेल्या दोन सजीवांचा तुलनात्मक तक्ता करण्यास मी द्वितीय वर्षाला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी बेडूक आणि माणूस यांसारख्या ठरलेल्या जोड्या आणल्या. एका विद्यार्थिनीने मात्र हवाई बेटांवरचा नामशेष गाणारा पक्षी काउआई ओओ आणि भूमध्य समुद्राकाठचा सदाहरित होम ओक अशी जोडी निवडली होती. गुण कोणत्या विभागाने द्यायचे, असे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी हसत विचारले; प्रश्न रास्त होता.

ओकच्या रकान्यात ‘पाने कधीच गळत नाहीत’ असे वाक्य होते. मी तिला आवारातला आंबा दाखवला. त्याच्या बुंध्याशी पाचोळा पडलेला असतो आणि माथा तरीही हिरवा असतो. ओकचेही तसेच, त्याचे पान एक-दोन वर्षे, क्वचित अधिक टिकते, पण सगळी पाने एकदम गळत नाहीत. तिने वाक्य खोडले.

पक्ष्याचा रकाना मात्र तिने कसून लिहिला होता. हा पक्षी १९८५ मध्ये शेवटचा दिसला आणि १९८७ मध्ये शेवटचा ऐकू आला. डासांमुळे पसरणारा पक्ष्यांचा हिवताप, बाहेरून आलेले उंदीर आणि १९८२ चे चक्रीवादळ ही कारणेही नोंदली होती. पूर्वी त्याला ऑस्ट्रेलियातील हनीईटर पक्ष्यांचा नातलग मानत, परंतु २००८ मध्ये संग्रहालयांतील नमुन्यांच्या डीएनएवरून त्याचे कुळच वेगळे असल्याचे दिसले, आणि त्या कुळातल्या पाचही जाती आज नाहीत.

‘प्रजनन’ या ओळीत ओकपुढे ‘नर व मादी फुले एकाच झाडावर, परागण वाऱ्याने, तोडल्यास बुंध्यातून पुन्हा फुटवे’ असे होते. पक्ष्यापुढची चौकट कोरी होती.

“इथे काहीच का नाही?”

“मॅडम, शेवटच्या नराला मादीच उरली नव्हती. मग काय लिहू?”

तक्त्यात एका पक्ष्याची नव्हे, तर जातीची माहिती हवी, हे मला सांगावेच लागले. तिने मान डोलावून ‘झाडाच्या ढोलीत घरटे करतो’ असे लिहिले, थोडी थांबली, आणि ‘करतो’ खोडून ‘करत असे’ केले. नंतर तो संपूर्ण रकाना वरपासून खालपर्यंत तपासत तिने प्रत्येक क्रियापद बदलले, आणि ओकच्या रकान्याला हातही लावला नाही.