पोराचं कन्कशन, सहा पायऱ्या आणि शेवटची सही

आमचा मुलगा दहावीत आहे, इथल्या भाषेत सोफमोर, आणि आम्ही डॅलसच्या उत्तरेला जिथे राहतो तिथे फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांना धडकत खेळतात तो) हे काय प्रकरण आहे ते लांबून सांगून पटणार नाही. जवळच्या ॲलन गावात शाळेच्या टीमसाठी ६ कोटी डॉलर खर्चून स्टेडियम बांधलंय, १८,००० लोक बसतात, शाळेच्या मॅचला! पोराची अंगकाठी माझ्या माहेरची, रुंद खांदे, जाड मनगटं, त्यामुळे मिडल स्कूललाच कोचने हेरला आणि सेंटरला उभा केला. सेंटर म्हणजे तो जो वाकून बॉल पायांमधून मागे देतो आणि त्याच क्षणी समोरच्याच्या अंगावर जातो. टीव्हीवर ह्याच्याकडे कोणी बघत नाही, सगळे बॉल बघतात.

सप्टेंबरमधली एक गुरुवारची मॅच (लहान टीमच्या गुरुवारी असतात, शुक्रवार मोठ्यांचा). बॉल सुटला, सगळे त्याच्यावर पडले, त्या ढिगात कोणाचा तरी गुडघा ह्याच्या हेल्मेटला कानाच्या वर बसला. बेशुद्ध वगैरे काही नाही. उठला, हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा नीट केला, आणि समोरच्या टीमच्या हडलकडे (पुढची चाल ठरवायला करतात त्या घोळक्याकडे) चालायला लागला. आम्ही वर बसलेलो, मला वाटलं गंमत करतोय. शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनर बाई (खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या) मात्र तोपर्यंत मैदानात पोचल्या होत्या आणि त्यांनी सगळ्यात आधी काय केलं तर त्याचं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत मारलं. नंतर कळलं की ही पद्धतच आहे, हेल्मेट हातात राहिलं की पोरं नजर चुकवून परत आत पळतात.

मग तिथेच बेंचवर परीक्षा. कुठल्या टीमशी खेळतोय, स्कोअर काय, हे शब्द लक्षात ठेव, वर्षाचे महिने उलटे म्हण. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर म्हणाला, मग ऑगस्ट, मग गप्प. एका पायावर उभं राहायला सांगितलं तर लगेच दुसरा पाय टेकला. वर आम्हाला, "आई, आय ॲम फाईन, त्यांना सांग ना." मी कशाला सांगते, आणि सांगून उपयोगही नव्हता, कारण इथे कायदाच आहे, कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूचं काम बिघडल्याचा, संशय जरी आला तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही. ह्याच्या मागे वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेड नावाचा १३ वर्षांचा मुलगा आहे, २००६ मध्ये डोक्याला मार लागून बाहेर आला आणि त्याच मॅचमध्ये परत खेळला, मॅच संपल्यावर कोसळला, मेंदूत रक्तस्राव, पुढची कित्येक वर्षं चालणं बोलणं परत शिकण्यात गेली. २००९ मध्ये त्याच्या नावाने तिथे कायदा झाला आणि २०१४ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत असे कायदे आले. टेक्सासचा २०११ चा. त्यातली पालकांना उपयोगी गोष्ट म्हणजे परत खेळवायचं की नाही हे कोच ठरवू शकत नाही. डॉक्टर तुम्ही निवडायचा, त्याने लेखी द्यायचं, मग हळूहळू खेळात परतायच्या शाळेच्या पायऱ्या पूर्ण करायच्या, आणि शेवटी आई किंवा बापाची सही.

त्या रात्री आधी आम्ही घराजवळच्या एका अर्जंट केअरला (अपॉइंटमेंट न घेता जायचा दवाखाना) गेलो. तिथल्या माणसाने डोळ्यात टॉर्च मारला, घाईघाईत एक छापील कागद दिला, "आठवड्याने खेळू दे," झालं. पैसे मात्र मोजून घेतले. आमच्या ह्यांचं एकच टुमणं, स्कॅन काढा, स्कॅन का नाही काढत, पुण्यात असतो तर एव्हाना एमआरआय होऊन रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरला असता. दुसऱ्या डॉक्टर बाई (स्पोर्ट्स मेडिसिनवाल्या, ट्रेनरनीच सुचवलेल्या) भेटल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की सीटी स्कॅन काढतात तो आत रक्तस्राव किंवा हाड मोडलंय का ते बघायला, कन्कशन त्यात दिसत नाही. कवटीच्या आत मेंदू जोरात हलतो, पीळ बसतो, पेशींचं काम बिघडतं, पण चित्र नॉर्मल येतं. पहिल्या रात्री लक्ष कशावर ठेवायचं तेही नीट सांगितलं, डोकेदुखी वाढत जाणं, परत परत उलटी, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, जीभ जड होणं, झटका, उठवून न उठणं, ह्यातलं काहीही असेल तर सरळ इमर्जन्सी. तशी वेळ आली नाही.

साताऱ्याहून सासूबाईंचा रोज व्हिडिओ कॉल. त्यांचं म्हणणं, पडदे लावून अंधारात झोपव, कोणाला भेटू देऊ नको. गंमत म्हणजे पूर्वी इथले डॉक्टरही हेच सांगायचे. आता सांगत नाहीत. आता एक दोन दिवस जरा आराम, स्क्रीन कमी, आणि मग लक्षणं फार वाढणार नाहीत इतपत चालणंफिरणं सुरू, पडून राहिलं तर उलट बरं व्हायला वेळ लागतो म्हणतात. हे सासूबाईंना पटवायला डॉक्टरांपेक्षा जास्त कष्ट पडले.

डॉक्टर बाईंची एक तपासणी मी विसरणार नाही. साधं बॉलपेन. त्यावरच्या बारीक अक्षरांकडे बघ म्हणाल्या आणि पेन हळूहळू नाकाकडे आणत गेल्या, दोन दिसले की सांग. आपल्याला नाकाच्या अगदी जवळ आल्यावर दोन दिसतात. ह्याला वीतभर लांब असतानाच दोन दिसायला लागले, आणि कपाळावर घाम. दोन डोळे एकत्र आत वळवायचं काम मेंदूला जमत नव्हतं, म्हणूनच पुस्तक उघडलं की डोकं दुखायचं आणि आम्हाला वाटत होतं अभ्यासाचा कंटाळा. त्यासाठी घरी करायचे डोळ्यांचे आणि मानेचे व्यायाम दिले. ऑगस्टमध्ये शाळेत सगळ्या टीमची कॉम्प्युटरवर बेसलाईन टेस्ट (पुढे तुलना करायला आधीच घेतलेली मेंदूची चाचणी) होते, ती परत दिली तर प्रतिक्रियेचा वेग चांगलाच खाली आलेला. (काही पोरं ऑगस्टमध्ये मुद्दाम खराब देतात म्हणे, म्हणजे पुढे मार लागला तरी फरक दिसायला नको. काय बोलायचं.)

आधी शाळा, मग खेळ, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. पण शाळेचं प्रकरण मला जास्त जड गेलं. हाताला प्लास्टर असलं की सगळे दारं उघडून देतात, ह्याचं काही दिसतच नाही. वर्गात दिव्यांचा त्रास, कॅफेटेरियात आवाजाने मळमळ, घरी आल्यावर चिडचिड, धाकटीवर ओरडणं, जे ह्याने आधी कधी केलं नव्हतं. काउन्सेलरला ईमेल करून करून नोट्स छापील मिळवल्या, परीक्षा पुढे ढकलल्या, जेवण लायब्ररीत. एका शिक्षकांनी तरी सुनावलंच, दिसतोय तर ठणठणीत. मी डॉक्टरांचं पत्र परत एकदा पाठवलं, ह्या वेळी प्रिन्सिपलना कॉपी करून.

आणि रात्री मी वाचत बसायचे. तुम्ही एकदा कन्कशन टाईप केलंत की सीटीई येणारच, म्हणजे वर्षानुवर्षं डोक्याला मार बसून मेंदू हळूहळू खराब होण्याचा आजार. पिट्सबर्ग स्टीलर्स ह्या व्यावसायिक टीमचा माईक वेब्स्टर, चार सुपरबोल (लीगची फायनल) जिंकलेला, २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला, शेवटी घरदार नाही, ट्रकमध्ये झोपायचा. त्याचं पोस्टमॉर्टेम बेनेट ओमालू नावाच्या नायजेरियातून आलेल्या डॉक्टरने केलं, वरून मेंदू चांगला दिसत होता तरी काप काढून तपासले, आणि त्यात टाऊ नावाच्या प्रोटीनचे डाग सापडले. २००५ मध्ये छापून आलं तर एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, मेंदूच्या इजांवरच्या कमिटीतले डॉक्टर म्हणाले लेख मागे घ्या. ही कमिटी १९९४ पासूनची, आणि मेंदूच्या ह्या कमिटीचा पहिला प्रमुख कोण, तर सांधेदुखीचा डॉक्टर! वेब्स्टर कुठल्या जागी खेळायचा ते वाचलं आणि मी लॅपटॉप मिटला. सेंटर.

पुढच्या भेटीत मी डॉक्टर बाईंना थेट विचारलं. पोराला बाहेर बसवून. त्यांनी टाळलं नाही. म्हणाल्या, एक कन्कशन नीट बरं झालं तर त्यातून सीटीई होईल अशी भीती बाळगू नका, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीटीईचा संबंध वर्षानुवर्षं बसणाऱ्या टकरींशी आहे, आणि त्यात अशा टकरीही येतात ज्यांनी काहीच लक्षण दिसत नाही. जिवंत माणसात त्याचं नक्की निदान आजही करता येत नाही, मेल्यावर मेंदूचे काप बघूनच कळतं. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या ॲन मॅकी ह्यांच्या टीमने २०१७ मध्ये दान आलेले मेंदू तपासले, एनएफएल खेळलेल्या १११ पैकी ११० जणांत सीटीई, कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८, आणि फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेल्या १४ पैकी ३. आमचे हे लगेच म्हणाले, अगं पण ज्यांना त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दिले ना, बाकीच्यांचा कुठे मोजला. बरोबर आहे, बाईही हो म्हणाल्या, त्यावरून शंभरात किती हे काढता येत नाही. पण त्याच टीमने २०१९ मध्ये दाखवलं की टॅकल (एकमेकांना पाडायचा) फुटबॉल जितकी जास्त वर्षं तितकी शक्यता जास्त, दर वर्षामागे सुमारे ३० टक्क्यांनी. हे मात्र ह्यांना खोडता आलं नाही. इंजिनिअर माणूस, चक्रवाढ कळते.

पोराशी हे कसं बोलायचं हा प्रश्नच होता, पण त्याला आमच्यापेक्षा जास्त माहिती. २०२२ मध्ये एनएफएलमधला मायामीच्या टीमचा खेळाडू टुआ मैदानात पडला आणि त्याची बोटं वाकडी होऊन ताठरली, ते ह्या सगळ्यांनी फोनवर पन्नास वेळा बघितलंय. चारच दिवस आधी तो दुसऱ्या मॅचमध्ये मार बसून लडखडला होता आणि तरी खेळवला होता. त्यानंतर एनएफएलने नियम बदलला, तोल गेलेला दिसला की त्या दिवशी परत नाही. "बघ, आता रूल्स आहेत," पोरगा म्हणाला. रूल्स आहेत, हो. त्याच लीगच्या खेळाडूंना मेंदूच्या इजेची भरपाई देताना वर्षानुवर्षं काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळात कमीच होती असं धरून गणित करायचे, म्हणजे त्यांचं नुकसान कागदावर कमी दिसणार. ते २०२१ मध्ये ओरड झाल्यावर बंद केलं. असो, तो वेगळाच विषय आहे.

लक्षणं गेली, शाळा पूर्ण वेळ सुरू झाली, पेन परत नाकापर्यंत आलं. मग सहा पायऱ्या. शाळा आणि नेहमीचं वागणं ही पहिली, मग सायकल, मग पळणं आणि थोडं वजन, मग जोरात सराव पण टक्कर नाही, मग पूर्ण सराव, मग मॅच. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, मध्ये डोकं दुखलं की थांबायचं आणि एक पायरी खाली. ह्याचं पळण्याच्या पायरीला दुखलं. आधी बोलला नाही, पण ट्रेनर बाईंनी चेहऱ्यावरून ओळखलं आणि खाली आणलं, मग दोन दिवस घरात कोणाशी धड बोलणं नाही. मला त्या बाईंचं फार कौतुक आहे, आमच्या सगळ्या प्रवासात सगळ्यात खमक्या त्याच.

पूर्ण सरावाच्या आधी हेल्मेट घरी आणलं होतं, स्टिकर बदलायला. मी पहिल्यांदा नीट हातात घेतलं. पांढरं हेल्मेट, आणि कपाळावर, जिथे केस सुरू होतात तिथे, दुसऱ्यांच्या हेल्मेटचे रंग. लाल, गडद निळा, थोडा केशरी, एकावर एक घासलेले. कानाच्या वर, जिथे तो गुडघा लागला, तिथे काही नाही. म्हणजे ज्या माराने आम्ही एवढे धावलो त्याची खूण नाही आणि ज्यांच्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही त्यांच्या खुणाच खुणा. आत एक इशारा चिकटवलेला, कुठलंही हेल्मेट मेंदूच्या गंभीर इजेपासून वाचवू शकत नाही, धोका नको असेल तर फुटबॉल खेळू नका, अशा अर्थाचा. विकणाराच लिहितोय! सगळी प्रोसेस ह्या एका मारासाठी होती आणि ती खरंच चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. पण त्या रंगांसाठी कुठलाच फॉर्म नाही. वर्षाच्या सुरुवातीच्या मेडिकल फॉर्मवर आधी कन्कशन झालंय का, किती वेळा, हे विचारतात. टकरी किती, कोणी विचारत नाही.

मग मी कोचला भेटायला गेले, हे नको म्हणत असताना. विचारलं की आठवड्यात पूर्ण टक्कर असलेला सराव किती वेळ घेता आणि सेंटरला त्यातला किती वाट्याला येतो. कोच भला माणूस, चिडला नाही, पण असं कोणी विचारलेलं नसावं, कारण उत्तर तयार नव्हतं. वही काढून दाखवली. मी सांगितलं की सही करते, ह्या सीझनच्या राहिलेल्या मॅचेससाठी, पण सरावात त्याला टकरीच्या ड्रिल्स कमीत कमी ठेवा. मान्य केलं. डार्टमथ कॉलेजच्या टीमने तर २०१० पासून सरावात एकमेकांना पाडणंच बंद केलं आणि तरी जिंकायला लागले, हेही ऐकवून आले. ते त्यांना माहीत होतं.

सही केली. शेवटच्या मॅचेस खेळला, मी एकही बघितली नाही, हे जाऊन आले.

आता वाद पुढच्या वर्षाचा. मी म्हणते गोळाफेक कर, खांदे आहेतच. हे म्हणतात अजून एक वर्ष, मग बघू. सासूबाई म्हणतात कुस्ती का नाही, तुझ्या पणजोबांचे कान बघितले असतेस तर, म्हणजे सासूबाईंच्या मते कुस्तीत डोकं आपटतच नाही. पोराने स्वतःच एक तोडगा आणलाय, लाँग स्नॅपर. म्हणजे फक्त पंट (बॉल लाथेने लांब उडवणं) आणि फील्ड गोलला (बॉल लाथेने खांबांमधून मारणं) आत येऊन लांबवर बॉल मागे टाकायचा, मॅचमध्ये मोजकेच खेळ, आणि हायस्कूलच्या नियमात त्या क्षणी स्नॅपरवर सरळ चाल करून जायला बंदी आहे. मला हे नियमासकट छापून आणून दिलं, फ्रिजवर लावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. सध्या रोज संध्याकाळी मागच्या अंगणात सराव चालू आहे, हे पंधरा यार्डांवर ओणवे उभे राहतात, बॉल सुसाट येतो आणि दोनातला एक कुंपणावर जाऊन आदळतो, शेजाऱ्यांनी एकदा विचारूनही झालंय.